नाइट ड्युटीच्या आठवड्यात जेवण आणि झोप कशी सांभाळावी

आयसीयूत नाइट सुरू करणाऱ्या नव्या सिस्टर्सना मी आधी डब्याबद्दलच सांगते. पूर्ण जेवण ड्युटीला निघण्याआधी घरीच उरका. रात्री दोनला पोळीभाजी, फरसाण, मागवलेली बिर्याणी नको. बोस्टनच्या सारा चेलप्पा आणि फ्रँक शीर या संशोधकांच्या गटाने १९ निरोगी तरुणांना नाइट शिफ्टसारखं जागवून पाहिलं. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: रात्री जेवणाऱ्यांची रक्तातली साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली, फक्त दिवसा जेवणाऱ्यांची फारशी वाढली नाही. प्रयोग छोटा आहे, पण मला तो पटतो. अगदीच भूक लागली तर मी मूठभर शेंगदाणे खाते, नाहीतर ताक पिते. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाची वेळ बदलू नका.

चहा रात्री दोननंतर बंद. कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

सकाळी परतताना काळा गॉगल लावा, उन्हाने मेंदूतलं घड्याळ जागं होतं. मात्र पेंग येत असेल तर स्कूटी तिथेच ठेवा आणि रिक्षा करा. यात तडजोड नाही.

घरी खिडकीवर जाड चादर, फोन सायलेंट. आणि सासूबाईंना, मुलांना स्पष्ट सांगा, दुपारी दोनपर्यंत हाक मारायची नाही. हे मागताना अजिबात संकोचू नका, बायकांनो. दूधवाला, कुरिअर, गॅसचा सिलिंडर दुसरं कुणीतरी बघेल.