दिवस बघून आकडा निवडा: गावच्या फळ्यासाठी

२४ जानेवारी म्हणजे राष्ट्रीय बालिका दिन. मी एकदा आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर रंगीत खडूने मोठ्ठं लिहिलं होतं, रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. आकडा २०११ च्या जनगणनेतला, अगदी खरा, पण त्या दिवसासाठी साफ चुकीचा. कारण ह्या जास्तीच्या बायका म्हणजे मुलींचा जन्म वाढला असं नाही हो, त्यांचे नवरे, मुलगे मुंबईला. त्यात माणसं मोजली ९ ते २८ फेब्रुवारीत, तेव्हा ना गणपती ना मे महिना, चाकरमानी गावात कुठला असायला? मुलींचं बघायचं तर ० ते ६ वयाचा रकाना बघायचा, तिथे ह्याच जिल्ह्यात दर हजार मुलग्यांमागे ९३६ मुली आहेत. फळ्यावर हा आकडा हवा होता, आणि तो वाचून लोकांनी थांबायला हवं होतं.

आता आपल्या गावाचं कसं काढायचं ते सांगतो. जनगणनेच्या सरकारी साइटवर जिल्हा जनगणना पुस्तिका पीडीएफमध्ये फुकट मिळते, त्यात तालुका उघडा आणि गाव शोधा. तिथे वाड्या वेगळ्या दिसत नाहीत, महसुली गाव (सरकारी जमीन-दफ्तरातलं गाव) दिसतं, आणि एका ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावं असली तर बेरीज तुम्हालाच करावी लागते, हे विसरू नका. आणि छोट्या गावात गुणोत्तर काढूच नका! समजा पोरं ४०, त्यात २२ मुलगे, १८ मुली, की लगेच हजारी ८१८ येतं आणि लोक घाबरतात. सरळ २२ आणि १८ लिहा.

दुसरा दिवस २९ जून, सांख्यिकी दिन, संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्मदिवस (१८९३), २००७ पासून पाळतात. त्या दिवशी मला गावातले धंदे मांडायला आवडतात. त्यासाठी आर्थिक गणना, म्हणजे धंदे-उद्योगांची सरकारी मोजणी, सहावी २०१३-१४ ची. पण तिच्यात पीक आणि बागायती लागवड धरलेलीच नाही, म्हणजे आंबा-काजूच्या बागा बाहेर, पण आंब्याचा कॅनिंगचा कारखाना आत, मासेमारी आत. ही ओळ फळ्यावर लिहिलीच पाहिजे, नाहीतर बागायतदार वाचून म्हणणार आमचा धंदा धंदा नाय काय, आणि त्याचं काही चुकणार नाही.

प्रत्येक आकड्याखाली वर्ष लिहा, कशातून घेतला तेही लिहा. २०२१ ची जनगणना झाली नाही म्हणून २०११ चाच जुना आकडा चालवावा लागतोय, तर तो "आज इतकी लोकसंख्या" म्हणून लिहू नका, "२०११ मध्ये इतकी होती" असं लिहा. आणि जूनचा फळा पडवीत आतल्या बाजूला लावा, झडीत खडू राहत नाही.