जुन्या रॉकेटवर माणसांचं यान बसवताय? या चुका टाळा

यशाच्या आकड्याला भुलणं ही सगळ्यात मोठी चूक. ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हल्कन या अमेरिकी रॉकेटच्या दुसऱ्या उड्डाणात एका घन-इंधन बूस्टरचं (बाजूच्या जोड-रॉकेटचं) नोझल, म्हणजे ज्वाला बाहेर सोडणारं तोंड, तुटून पडलं, तरी रॉकेट कक्षेत पोहोचलं. उपग्रहवाल्याला तेवढं पुरतं. वर माणसं असती तर त्याच क्षणी यान रॉकेटपासून सोडवायचं की पुढे जायचं, हे कोण ठरवणार? म्हणूनच स्टारलायनर या माणसं नेणाऱ्या यानासाठी अ‍ॅटलस-५ या रॉकेटवर बिघाड ओळखणारी वेगळी यंत्रणा बसवावी लागली. विनाकारण झालेली सुटकाही जिवावर बेतू शकते, त्यामुळे नुसते सेन्सर वाढवून भागत नाही.

दुसरी चूक म्हणजे ‘वजन उचलतंय ना, मग झालं!’ म्हणणं. अ‍ॅटलसचा सेंटॉर हा वरचा टप्पा सहसा एका इंजिनावर चालतो. जोर कमी, म्हणून मार्ग खूप उंच ठेवावा लागतो. तिथे रॉकेट बंद पडलं तर यान फार तीव्र उतारानं, जवळपास सरळ खाली वातावरणात घुसतं आणि आतल्यांवर असह्य भार येतो. स्टारलायनरला दोन इंजिनांचा सेंटॉर दिला, तो मार्ग सपाट व्हावा म्हणूनच. तेव्हा मार्गाचा प्रत्येक सेकंद तपासा: इथून सुटलो तर उतरणार कुठे? ड्रीम चेसर या यानासारख्या लिफ्टिंग बॉडीला (मुख्यतः धडाच्या आकारावर तरंगणाऱ्या यानाला) तर धावपट्टी हवी, आणि उड्डाणतळावरूनच पळ काढायचा तर तिथवर तरंगत जाण्याइतकी उंचीही आधी मिळवावी लागते.

आता आकाराचं. लिफ्टिंग बॉडीला मुख्यतः धडामुळे उचल मिळते. चढताना मात्र हीच उचल रॉकेटच्या टोकाला आडवं ढकलते. १९६३ साली रद्द झालेलं डायना-सोअर हे अमेरिकी अवकाशयान पंखवालं होतं, पण दुखणं तेच. त्याच्यासाठी टायटन रॉकेटच्या बुडाशी मोठे फिन (तोल राखणारे पंख) लावायचा बेत होता. इंजिन वळवून तोल सावरायला मर्यादा असते. वाऱ्याचा मारा सगळ्यात जास्त असतो त्या टप्प्यातलं वाकणं आधी मोजा, मग वजनाकडे वळा.

यानाला रॉकेटच्या टोकावरच्या आवरणात झाकलं तर हा त्रास जातो. मालवाहू ड्रीम चेसर पंख दुमडून तसंच बसतं. पण माणसांना संकटात आवरणातून बाहेर कसं काढणार?

शेवटी, रॉकेट किती वर्षं मिळणार तेही विचारा. अ‍ॅटलस-५ चं आरडी-१८० हे इंजिन रशियन, आणि २०२१ मध्ये या रॉकेटची नवी विक्रीच थांबली.