ठाणे-नवी मुंबईहून विमानप्रवासाला खरोखर किती वेळ लागेल, हे कसं काढावं?

तिकिटावर दीड तास लिहिलेला असतो आणि घोडबंदर रोडवरून निघालेला माणूस नागपुरात घरी टेकेपर्यंत निम्मा दिवस सरतो. म्हणून हिशेब घराच्या दारापासून धरावा.

आधी विमानतळ नक्की करा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही प्रवासी विमानं सुटतात. तिकीट शोधताना दोन्ही विमानतळ एकाच यादीत दिसू शकतात, तेव्हा पैसे भरण्याआधी संकेताक्षरं वाचा: मुंबई बीओएम, नवी मुंबई एनएमआय. बेलापूर, उलवे, पनवेलकरांनी आधी एनएमआय बघावं. ठाण्याहून मात्र तिकीट स्वस्त म्हणून लगेच ठरवू नका. निघायच्या वेळेला दोन्ही रस्त्यांवर किती गर्दी असते ते नकाशावर बघा आणि कॅबचं भाडंही धरा.

मग हवाई अंतर काढा. गुगल मॅप्सवर एका विमानतळावर बोट दाबून धरा, ‘अंतर मोजा’ निवडा आणि खूण दुसऱ्या विमानतळावर न्या. शहराच्या मध्यापासून मोजू नका. मुंबईहून नागपूर साधारण ६८० किलोमीटर, दिल्ली ११४०, दुबई १९३०.

या अंतराला ८०० ने भागा आणि त्यात ४० मिनिटं मिळवा. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० ते ९०० किलोमीटरने उडतं, पण धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यात वेळ जातोच. दिल्लीचं उत्तर येतं दोन तास पाच मिनिटं. वेळापत्रकात त्याहून थोडं जास्त दिसेल, कारण गर्दीच्या विमानतळांसाठी कंपन्या काही मिनिटं राखून ठेवतात.

लांबच्या प्रवासात वाऱ्याचा विचार करायलाच हवा. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात तर जास्तच. त्यामुळे लंडनला जाताना येण्यापेक्षा साधारण तासभर जास्त लागतो.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. दुपारी १२ ला निघून १.५० ला पोचणारं विमान दोन तासांत जात नाही. त्याला ३ तास २० मिनिटं लागतात. घ्यायला येणाऱ्यांना तिथली वेळ कळवा.

आता बेरीज. देशातल्या प्रवासाला दोन तास आधी पोचा, परदेशी जाताना तीन. ठाणे ते नागपूर असं धरा: विमानतळापर्यंत सव्वा तास, तिथे दोन तास, विमान दीड तास, सामान मिळून बाहेर पडायला अर्धा तास, पुढे घरी अर्धा तास. झाले पावणेसहा तास.

हा आकडा हातात आला की इतर पर्याय नीट तोलता येतात. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ठाणे जिल्ह्यात आमणेला येऊन मिळतो. गाडीने थांबे धरून आठ-नऊ तास लागतील, पण चौघांचा खर्च वाटला जातो. विदर्भ एक्सप्रेसला तास जास्त लागतात, तरी संध्याकाळी ठाण्यात बसलं की सकाळी नागपूर, दिवस मोडत नाही. एकट्याने कामासाठी जायचं असेल तर मी विमानच सुचवेन. लग्नाचं सामान आणि घरची सगळी माणसं असतील तर रात्रीची रेल्वे.