एल्ट्झचा किल्ला बघायचा तर आधी घरची वाटणी आठवा

फ्रँकफुर्टला आमच्याकडे पाहुणा आला की एक दिवस बुर्ग एल्ट्झसाठी, म्हणजे एल्ट्झ घराण्याच्या किल्ल्यासाठी, राखून ठेवतो. आतापर्यंत सहा फेऱ्या झाल्या. पहिली फुकट गेली: ऐन नोव्हेंबरात गेलो आणि दार बंद! हिवाळ्यात किल्ला बंदच असतो, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर उघडा. तेव्हा आधी तारखा बघा.

कोब्लेंझहून मोझेल नदीकाठच्या आगगाडीने मोझेलकेर्नला उतरा. तिथून ओढ्याच्या काठाने, रानातून पाचेक किलोमीटर चाल. शेवटचा चढ दम काढतो. गुडघे कुरकुरणारी मंडळी बरोबर असतील तर आपली गाडी काढा आणि वरच्या वाहनतळावर लावा. तिथून पंधरा मिनिटांचा उतार आहे. एका वळणावर किल्ला अचानक समोर, तोही आपल्या नजरेखाली येतो. जुन्या 500 मार्कच्या नोटेवर हाच होता. फोटो इथेच काढून घ्या, आतल्या दालनांत मनाई आहे.

खाली जायच्या आधी वरच्या झाडीकडेही बघा. तिथे ट्रुट्सएल्ट्स नावाच्या दुसऱ्या किल्ल्याचे पडके अवशेष आहेत. 1331 मध्ये ट्रियरच्या आर्चबिशप बाल्डुइनला (धर्मगुरू, पण सत्ताधीशही) या भागातल्या सरदारांवर जरब बसवायची होती. एल्ट्झवाले इतर तीन घराण्यांना घेऊन अडून बसले. बाल्डुइनने समोरच्या टेकाडावर हा आपला किल्ला उभारला आणि तिथून दगडी गोळ्यांचा मारा केला. वरून बघितलं की कळतं, नेम चुकायला जागाच नाही. 1336 मध्ये तह झाला आणि एल्ट्झवाल्यांना नमतं घ्यावं लागलं. पण किल्ला वाचला. पुढे 17व्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांनी या पट्ट्यातले किल्ले उडवले, तेव्हाही वाचला, कारण घराण्यातलाच हान्स आंटोन फ्रेंच सैन्यात अधिकारी होता. एक भाऊ या गोटात, दुसरा त्या गोटात, ही रीत आपल्या देशमुखांनाही ठाऊक होतीच की.

आता पूल ओलांडून चौकात या आणि गाइडची पाळी येईपर्यंत चारी बाजूंना मान फिरवा. एकही भिंत दुसरीशी जुळत नाही. कुठे दगड, कुठे लाकडी चौकटींचे मजले, मनोरे आठ. याचं उत्तर 1268 सालात आहे. त्या वर्षी एलियास, विल्हेल्म आणि थिओडेरिश या तीन भावांनी वाटणी केली, पण किल्ला सामाईक ठेवला. अशा किल्ल्याला जर्मनमध्ये गानएर्बेनबुर्ग म्हणतात. पुढच्या पिढ्या र्युबेनाख, रोडेनडोर्फ आणि केम्पेनिश या तीन शाखांनी आपापल्या जागेत घरं चढवत काढल्या. जागा कड्यावरची, तेव्हा वाढायचं ते वरच. माझी आत्या चौकात उभी राहून म्हणाली, "अरे, हा आपला वाड्याचाच प्रकार. तीन चुली, एक चौक." पाचशे वर्षांहून जास्त काळ हे असं चाललं. 1815 मध्ये केम्पेनिश शाखेने सगळा किल्ला आपल्याकडे घेतला, तो आजही त्यांचाच आहे. त्यांचा भाग दाखवत नाहीत.

आतली फेरी चाळीसेक मिनिटांची, इंग्रजीतही असते. गाइड चिलखतांपाशी रेंगाळतो, तेवढ्यात तुम्ही दोन गोष्टी शोधा. र्युबेनाख घराच्या शयनगृहात एक छोटं प्रार्थनाघर भिंतीबाहेर काढलेल्या सज्जात आहे. देवाच्या डोक्यावर कुणी राहू नये म्हणून. आत्याला हे सांगावं लागलं नाही, तिने वर बघून मान डोलावली. दुसरी गोष्ट रोडेनडोर्फच्या सरदारी दालनातली. भिंतीवर विदूषकांचे मुखवटे, म्हणजे इथे मोकळं बोला. दारावर गुलाब, म्हणजे बोललेलं बाहेर नेऊ नका. तीन शाखांच्या बैठकीला याहून चांगली व्यवस्था मला तरी सुचत नाही.

आणि हो, शौचकूप बघायला लाजू नका. भिंतीच्या जाडीत कोनाडा, खाली दगडी पन्हळ, धुवायला पावसाचं पाणी. असे वीसेक होते म्हणतात. आमच्या वाड्यात तीन चुलींना मिळून एकच होता, तोही गोठ्याच्या मागे.