भेंडीच्या ठशांचा भेटकागद

अप्पा बळवंत चौकातून आणलेला साधा खाकी कागद घरीच छापला, तर माझ्या मते तो विकतच्या चकचकीत कागदापेक्षा उठून दिसतो. भेंडी देठाकडून आडवी कापून तिचा चिकट रस नीट पुसावा, कारण तो राहिल्यास रंग ओघळतो; मग पोस्टर कलर पाणी न घालता स्पंजावर घेऊन ठसे उमटवावेत. पावसाळ्यात हा कागद रात्रभर पंख्याखाली वाळवावा.

मापात मात्र घाई नको. २० × १५ × ६ सेंटिमीटरच्या खोक्याला ४५ × २८ सेंटिमीटर कागद लागतो, कारण रुंदी-उंचीचा वेढा ४२ सेंटिमीटर भरतो, जोडासाठी ३ सेंटिमीटर अधिक धरावे लागतात आणि लांबीच्या दोन्ही टोकांना दुमडण्यासाठी ४-४ सेंटिमीटर सोडावे लागतात. छापील बाजू खाली करून खोके त्यावर उपडे ठेवावे, म्हणजे जोड तळाशी जातो.