कोऱ्या कुंडीला जुन्या वाड्याची कळा कशी आणावी

‘व्हिंटेज’ म्हणून विकायला ठेवलेल्या बहुतेक कुंड्यांवर पांढरा ॲक्रिलिक रंग असतो आणि त्यावर सगळीकडे सारखेच ओरखडे. लबाडी लांबूनच कळते. जुनेपण असं मोजून-मापून येत नाही. वाईच्या गंगापुरीत, मधल्या आळीत किंवा मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यापाशी गेलात तर एखाद्या जुन्या भिंतीसमोर पाच मिनिटं थांबा. चुना कोपऱ्यांवर आधी झिजतो, वळचणीखाली जाड राहतो, पाणी उतरतं तिथे ओघळ पडतात आणि जमिनीलगत ओलीने पापुद्रे सुटतात. कुंडीवर हेच करायचं आहे, आणि ते चुन्यानेच करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याला कारणही आहे. भाजलेली माती सच्छिद्र असते. घातलेलं पाणी कुंडीच्या भिंतीतून झिरपत बाहेर येतं आणि वाळतं. ॲक्रिलिकचा थर ही वाट अडवतो, मग रंगाला फोड येतात आणि त्याचे तुकडे लोंबायला लागतात. चुना वाफेला वाट देतो. शिवाय तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो आणि मातीला धरून राहतो.

कुंडी कुंभारवाड्यातून घेतलीत तर उत्तम. फक्त बेंदराच्या आधी जाऊ नका, तेव्हा सगळे मातीचे बैल करण्यात गुंतलेले असतात. बोटाच्या पेराने टिचकी मारून बघा. खणखणीत वाजली तर नीट भाजलेली, बद्द वाजली तर कच्ची किंवा तडकलेली. तळाला भोक हवंच. नर्सरीतल्या कुंडीवर पुष्कळदा गेरूचा हात दिलेला असतो. ओलं बोट फिरवल्यावर लाल झालं तर तो काथ्याने घासून काढा, नाहीतर चुना गेरूवर बसेल आणि दोन्ही मिळून निघून जातील. कुंडी रात्रभर पाण्यात ठेवा, घासा, दोन दिवस उन्हात वाळवा.

आता चुना. हार्डवेअरच्या दुकानात भिजवून वाळवलेल्या चुन्याची पावडर मिळते, ती घ्या. कळीचा चुना घरी विरवू नका. पाणी पडताच तो उकळतो आणि उडालेला एक थेंब डोळ्याला पुरतो. पावडरसुद्धा त्वचा जाळते, म्हणून रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच, मुलांना लांब ठेवा. एक वाटी पावडर, साधारण दोन वाट्या पाणी, रात्रभर झाकण ठेवून मुरवा आणि सकाळी फडक्यातून गाळा. दुधाइतकं पातळ हवं. घट्ट केलंत तर तडे जातात. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्यावेत.

रंगासाठी हा चुना दोन भांड्यांत वेगळा करा. एकात चमचाभर पिवळा ऑक्साइड (फरशीवाले वापरतात तोच), दुसऱ्यात चिमूटभर नीळ पावडर. जुन्या घरांच्या भिंती खरवडल्या की निळसर पांढऱ्याखाली पिवळा आणि त्याखाली माती दिसते. आपले थरही त्याच क्रमाने. ऑक्साइड चुन्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त घालू नका, नाहीतर रंग हाताला लागत राहतो.

रंग लावण्याआधी मेणबत्ती घ्या आणि जिथे काळाचा हात फिरला असता तिथेच घासा: काठाची बाहेरची कड, कुंडी उचलताना बोटं लागतात त्या दोन बाजू, नक्षी असेल तर तिचे उंचवटे. काठाच्या खालच्या खाचेत मेण अजिबात नको, तिथे चुना साचायला हवा. मेण असेल तिथे चुना धरत नाही, पुढे आपोआप सुटतो. सगळ्या कामाचा जीव या पायरीत आहे, तिला वेळ द्या.

मग कुंडीवर पाणी शिंपडा. कोरड्या मातीवर चुना लावला की माती पाणी ओढून घेते आणि वर भुकटी उरते. पिवळा हात आडव्या-उभ्या ब्रशने द्या. ओला असताना तो जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे काही लागलं नाही असं वाटून परत परत फासू नका. वाळेल तसा उमटेल. सावलीत एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी पिवळ्यावरही दोन-चार ठिकाणी मेण लावा, पाणी शिंपडा, मग निळसर पांढऱ्याचे दोन हात, मध्ये पुन्हा एक दिवस. शेवटच्या हाताला काठावरून दोन-तीन ओघळ सोडा, पण सारख्या अंतरावर नकोत. खालची दोन बोटं जागा मात्र पिवळ्यापासून तिन्ही हातांत कोरी राहू द्या, कारण पुढे सांगतो.

शेवटचा हात अर्धवट वाळला की ओल्या गोणपाटाने मेणाच्या जागा पुसा. पूर्ण वाळल्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर कडांवर आणि २२० नंबरचा पोटावर, हलक्या हाताने. नाका-तोंडाला रुमाल बांधा. इथे थांबता येणं महत्त्वाचं. अजून थोडं, अजून थोडं करत लोक कुंडी पुन्हा कोरी करून ठेवतात. नंतर आठवडाभर रोज पाण्याचा हलका फवारा मारला की चुना पक्का होतो. वर व्हार्निश नको. चमक आली की सगळं मुसळ केरात.

शेवाळ हवं असेल तर ताक फासा असं सगळीकडे सांगतात. त्याला वास येतो आणि मुंग्याही. त्यापेक्षा श्रावणात भिंतीवरचं थोडं शेवाळ खरवडून पाण्यात कालवा आणि ती कोरी ठेवलेली खालची पट्टी त्याने माखा. ताज्या चुन्यावर शेवाळ जगत नाही, म्हणून ती जागा सोडायची. कुंडी सावलीत, ओलसर ठिकाणी ठेवली की पट्टी हिरवी होते.

मुहूर्त बघायचा तर फेब्रुवारी बरा. एप्रिलच्या उन्हात चुना झटकन वाळून पिठूळ होतो, आणि आषाढात साताऱ्याच्या पश्चिमेला तो धड वाळतच नाही. झाडांपैकी मोगरा, जास्वंद, कोरफड काहीही लावा. अनंत मात्र वेगळ्या कुंडीत, त्याला आम्लधर्मी माती लागते आणि चुना उतरला की पानं पिवळी पडतात. आतल्या बाजूला चुना लागू न देणं हे कुठल्याही झाडासाठी बरं.

पावसाळ्यानंतर चुना जागोजागी धुपलेला दिसेल. तो तसाच ठेवा, फार उघडं पडलं तर एक पातळ हात पुरे. एवढं करून दिवाळीच्या रंगकामात मात्र ती कुंडी लपवून ठेवा, नाहीतर रंगारी उरलेला डिस्टेंपर तिला मोठ्या प्रेमाने फासून जाईल, आणि घरातले म्हणतील, ‘आता कशी छान दिसते!’