बंबाच्या नळीतून पांढरं येतंय? वाफ की धूर, असं ओळखा

डिसेंबर-जानेवारीत दापोलीकडे पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरला की न्हाणीतल्या पाणी तापवायच्या बंबाच्या नळीतून पांढरे लोट निघताना दिसतात. लगेच बंब बिघडला असं समजू नका. लाकूड जळताना पाणी तयार होतंच. एक किलो अगदी सुकं लाकूड जळलं तरी सुमारे अर्धा लिटर पाणी वाफ होऊन नळीवाटे जातं. थंडीत तिचे बारीक थेंब होतात, तेच आपल्याला दिसतात. किनाऱ्यावरच्या दमट हवेत ते लवकर विरत नाहीत.

आधी नळीच्या तोंडाशी नीट बघा. वाफ असेल तर तोंडालगत थोडी जागा मोकळी दिसते, पांढरेपणा त्याच्या वर सुरू होतो आणि काही अंतरावर मागमूस न ठेवता नाहीसा होतो. धूर तोंडापासूनच दिसतो, निळसर-करडा असतो, माडांमध्ये रेंगाळतो आणि डोळ्यांना झोंबतो. ऊन चढल्यावरही लोट तसाच राहिला, तर तो धूरच.

धूर असेल तर सरपण बदला. पावसात भिजलेली सोडणं (नारळाची सालं) किंवा ओली बंबफोड (बंबासाठी फोडलेली बारीक लाकडं) घालू नका. बंब गार असताना नळीतली काजळी काढा. न्हाणीची खिडकी मात्र उघडीच ठेवा, मग नळीतून नुसती वाफ येत असली तरीही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि बंद न्हाणीत तो जीव घेतो. गॅस गिझरलाही हेच लागू.

आता गळतीची शंका. बंब पेटवल्या पेटवल्या निखाऱ्यांवर थेंब पडून चुर्र आवाज येतो. बऱ्याचदा तो बंब फुटल्याचा नसतो. नळीभोवती बंबातलं गार पाणी असल्यामुळे नळीच्या आतल्या बाजूला दव धरतं. पाणी कोमट झालं की हे थांबायला हवं. थांबलं नाही, तर रात्री विस्तव पूर्ण विझवून राख काढा, बंब काठोकाठ भरा आणि जाळीखाली सुकी राख पसरून ठेवा. सकाळी राखेत ओले गोळे दिसले, तर नळीला भोक पडलंय. तांबटाकडून डाख (धातूचा सांधा) लावून घ्या आणि तोवर बंब पेटवू नका. पाणी गळून गेलेला बंब तापला, तर उरलेले सांधेही सुटतात.